परवान्याचं पिस्तूल जवळ बाळगताय? या चुका टाळा

‘मॅगझिन काढलं, म्हणजे पिस्तूल रिकामं झालं’ हा समज सगळ्यात घातक. मॅगझिन (काडतुसांची पेटी) हातात आलं तरी एक काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, असू शकतं, आणि बरीच पिस्तुलं मॅगझिनशिवायही उडतात. नळी सुरक्षित दिशेला, बोट चापापासून लांब. आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून अडकवा, चेंबरमध्ये नीट बघा आणि करंगळीने चाचपा. काहीजण आधी स्लाइड ओढतात आणि मॅगझिन नंतर काढतात. त्यात चेंबरमधलं काडतूस बाहेर पडतं खरं, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधलं दुसरं आत नेऊन बसवते. आणि हा माणूस बिनधास्त की आपण रिकामं केलंय!

ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिनेते गोविंदा यांना मुंबईत स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली. कपाटात ठेवताना ती हातातून निसटली, असं तेव्हा सांगण्यात आलं. काही जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्यावर आघात झाला की गोळी सुटू शकते, म्हणून घोड्यासमोरचं काडतुसाचं घर रिकामंच ठेवावं. आणि शस्त्र हातातून सुटलंच, तर ते पडू द्या. झेलायला गेलात की बोट नेमकं चापात अडकतं.

निवड करताना लोक वजन आणि चकाकी बघतात. आपल्याकडे ९ मिमी ‘निषिद्ध बोअर’मध्ये, म्हणजे सामान्य माणसाला परवाना न मिळणाऱ्या मापांत, मोडतं, त्यामुळे बहुतेकांची गाडी .३२ वर येते. कानपूरची ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर जेमतेम अर्धा किलोची. कमरेला जाणवत नाही, पण हलकं शस्त्र हाताला झटका जास्त देतं. स्लाइड ओढायला मनगटात जोर नसेल तर पिस्तुलाचा हट्ट धरू नका. .३२ पिस्तूल आणि .३२ रिव्हॉल्व्हर यांची काडतुसं वेगळी असतात, तेव्हा नुसतं ‘बत्तीसची द्या’ म्हणून घेऊ नका.

होल्स्टरशिवाय पँटीत खोचणं तर सोडूनच द्या. चाप पूर्ण झाकणारं, कडक होल्स्टर हवं.

चाप ओढूनही गोळी सुटली नाही, तर नळी तशीच सुरक्षित दिशेला धरून निदान तीस सेकंद थांबा. नेहमीपेक्षा दबका आवाज आला तर लगेच थांबा, कारण गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि पुढची झाडली तर नळी फुटेल. शस्त्र रिकामं करून थेट परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्या.

वरातीत हवेत बार काढणं हा २०१९ च्या दुरुस्तीपासून स्वतंत्र गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.