खुडूक कोंबडीखाली फेझंटची अंडी उबवताना

फेझंट (लांब शेपटीचा पक्षी) आणि कोंबडी एकाच कुळातली असली, तरी कोंबडीच्या पेशीत 78 आणि फेझंटच्या पेशीत 82 गुणसूत्रे असतात. त्यांचा संकर झालाच तर पिल्ले बहुधा वांझ निघतात, म्हणून नर आणि माद्या दोन्ही फेझंटच निवडाव्यात. उबवणीसाठी मात्र गावठी खुडूक कोंबडी उत्तम. तिच्या पिसांतील उवा आधी नाहीशा कराव्यात. कोंबडीची अंडी 21 दिवसांत फुटतात, फेझंटची 23 ते 25 दिवस घेतात. त्यामुळे दोन्ही एकत्र ठेवल्यास कोंबडी आपली पिल्ले घेऊन उठते आणि उरलेली अंडी गारठतात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात डालग्याखालचे भाताचे तूस ओलावताच बदलावे. पिल्ले इतकी लहान असतात की उथळ ताटलीतही बुडतात, तेव्हा पाण्यात खडे टाकावेत. खाद्यात सुरुवातीला सुमारे 28 टक्के प्रथिने हवीत. कोंबडीच्या पिल्लांचे नेहमीचे खाद्य पुरत नाही. राधानगरीच्या रानातील रानकोंबड्याची अंडी कदापि आणू नयेत: त्याला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.