धूमकेतूचं रेखाचित्र काढायला बसण्याआधी

बाकी काहीही विसरलात तरी चालेल, पण कागदावरच्या वर्तुळाच्या, म्हणजे आयपीसमध्ये (दुर्बिणीच्या डोळा लावायच्या भिंगात) दिसणाऱ्या गोल दृश्याच्या, कडेला दोन अक्षरं लिहायला विसरू नका: ‘प’ आणि ‘उ’. पश्चिम कुठे, उत्तर कुठे. मागच्या मोठ्या धूमकेतूच्या वेळी माझं चित्र छान उतरलं होतं, दोन्ही शेपट्या स्पष्ट दिसल्या होत्या आणि तशाच काढल्याही होत्या, पण दिशा लिहायची राहिली. मग त्यातली वायूची शेपटी कुठली आणि धुळीची कुठली हे त्या कागदावरून कधीच ठरवता आलं नाही, आणि तो धूमकेतू आपल्यापैकी कुणाच्याही हयातीत परत येणार नाही. म्हणून ही यादी. यात दिशेचा विषय पुन्हा पुन्हा येईल, कंटाळू नका.

दुर्बीण, आयपीस, गरम कपडे, पाणी यांबद्दल काही सांगत नाही. चंद्र कधी उगवतो आणि कधी मावळतो ते आधी बघून ठेवा. पौर्णिमेच्या आसपास फिकट शेपटी शोधत बसणं म्हणजे रात्र वाया घालवणं.

कागदाची तयारी दिवसाउजेडी करायची. आठ ते दहा सेंटिमीटर व्यासाची वर्तुळं आधीच काढून ठेवा, एका कागदावर एकच, आणि लागतील असं वाटतं त्यापेक्षा दुप्पट कागद घ्या. वर्तुळ याहून लहान असेल तर तारे एकमेकांना चिकटतात. फार मोठं असेल तर मधली रिकामी जागा भरायचा मोह होतो आणि न दिसलेले तारे उगवायला लागतात. वर्तुळाखाली रिकाम्या ओळी आखा: कोणती वस्तू, तारीख, सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, दुर्बीण, आयपीस आणि वर्धन, आकाश कसं होतं. आणि वर्तुळाच्या अगदी बाजूला, ठळक रेघेने, दोन रिकामे चौकोन काढा. एक पश्चिमेचा, एक उत्तरेचा. हे चौकोन दिवसाच काढायचे, कारण रात्री दोन वाजता गारठलेल्या माणसाला दिशेची आठवण आपणहून होत नाही, रिकामा चौकोन मात्र डोळ्यात खुपतो.

काळ्या कागदावर पांढऱ्या पेन्सिलीने काढलेलं चित्र देखणं दिसतं हे खरं. तरी सुरुवात पांढऱ्या कागदावर साध्या शिसपेन्सिलीने करा. पांढऱ्या पेन्सिलीचं टोक लवकर बोथट होतं, ताऱ्यांचे ठिपके हवे तेवढे बारीक येत नाहीत, आणि खोडलं की काळ्यावर राखाडी डाग राहतो, जो सकाळी तेजोमेघासारखा दिसतो. पांढऱ्यावर काढलेलं चित्र नंतर स्कॅन करून उलट रंगात पाहता येतं. कागद जाडसर घ्या. दव पडलं की पातळ कागद मऊ पडतो, पेन्सिल उमटत नाही आणि खोडताना फाटतो. न वापरलेले कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, एकेक बाहेर काढा.

पेन्सिली एचबी, टूबी आणि फोरबी, तिन्ही दोन-दोन, घरूनच टोक करून. मळता येणारा खोडरबर, जो चिमटीत हवा तसा टोकदार करता येतो. आणि ब्लेंडिंग स्टंप, म्हणजे कागदाची घट्ट वळलेली टोकदार कांडी. धूमकेतूसाठी तो नसेल तर काहीच जमत नाही, बोटाने पसरवायला जाऊ नका, बोटाचं तेल कागदावर बसतं. लाल पेन्सिल किंवा लाल पेन अजिबात नेऊ नका. लाल उजेडात लाल रेघ दिसतच नाही. हौसेने दिशांच्या खुणा लाल रंगात केल्या तर केल्या की नाही हेच कळणार नाही. काळ्याने करा.

टॉर्च लाल आणि मंद हवा. बाजारात मिळणारे बहुतेक लाल दिवे फार प्रखर असतात, त्यांच्यावर कागदाची घडी किंवा आणखी एक लाल पापुद्रा चिकटवा. कागदावरची पेन्सिल जेमतेम दिसेल इतकाच उजेड पुरे. डोळ्यातल्या ज्या दंडपेशींनी आपण अंधारात पाहतो, त्या लांब तरंगलांबीच्या लाल प्रकाशाला जवळपास दाद देत नाहीत, म्हणून लाल. पण लालही भरपूर असेल तर नुकसान होतंच. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि मोबाइलचा पडदा एकदा उघडला की ती सगळी परत मोजायची. वेळ बघायला मंद उजेडाचं घड्याळ ठेवा, मोबाइल खिशातच राहू द्या.

बसायला स्टूल हवंच. उभ्याने, वाकून, मान वाकडी करून फिकट गोष्टी दिसत नाहीत, आणि हात थरथरतो तो वेगळाच.

नकाशा त्या रात्रीचा आणि त्या तासाचा लागतो. धूमकेतू सरकतो, कालचा नकाशा आज कामाचा नाही. पण नकाशासोबत त्या धूमकेतूचे फोटो बघू नका. हे मी आग्रहाने सांगतो. फोटोतली लांबलचक निळी शेपटी एकदा डोक्यात बसली की हात ती काढतोच, आयपीसमध्ये दिसो वा न दिसो. शेपटी कोणत्या दिशेला असायला हवी याचं गणितही चित्र पूर्ण झाल्यावर करा. दिसलं ते काढायचं, आणि काढलेलं नंतर पडताळायचं.

हात बसवायचा असेल तर धूमकेतूची वाट पाहू नका. ठिपके आणि अंतरं यांसाठी कृत्तिका, धूसरपणासाठी मृगातला तेजोमेघ, कडेला विरत जाणाऱ्या उजेडासाठी देवयानी दीर्घिका. शौरीतला एम १३ सारखा बंद तारकागुच्छ काढताना एकेक तारा मोजत बसू नका. आधी उजेडाचा गोळा, मग खरोखर सुटे दिसलेले तेवढेच तारे. आणि या सरावाच्या चित्रांवरही दोन्ही चौकोन भरायचे. सवय तिथेच लागते.

आता दुर्बिणीपाशी. पेन्सिल उचलण्याआधी दिशा. मोटर असेल तर बंद करा आणि एखादा तारा क्षेत्रातून, म्हणजे आयपीसमध्ये दिसणाऱ्या गोलातून, सरकू द्या. तो ज्या कडेने बाहेर जातो ती पश्चिम. वर्तुळावर तिथे खूण, चौकोनात ‘प’. मग नळी ध्रुवताऱ्याच्या दिशेने किंचित ढकला, ज्या कडेने नवे तारे आत येतात ती उत्तर. तिथे ‘उ’. एकच खूण करून भागत नाही. न्यूटोनियन म्हणजे आरशाच्या दुर्बिणीत दोन आरसे असतात, त्यामुळे चित्र फिरलेलं असलं तरी डावं-उजवं बदलत नाही. त्यात उत्तरेकडून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव वर्तुळ गेलं की पश्चिम येते. भिंगाच्या दुर्बिणीला किंवा श्मिट-कॅसग्रेनला (भिंग आणि आरसे दोन्ही असलेली आखूड दुर्बीण) डायगोनल, म्हणजे आयपीसआधीचा काटकोनात वळवणारा आरसा, लावला की परावर्तनांची संख्या विषम होते आणि चित्र आरशातल्यासारखं उलटतं. तिथे पश्चिम काट्याच्या उलट बाजूला असते. दोन्ही खुणा असतील तर चित्र उलटं आहे की सुलटं हे कागद स्वतःच सांगतो. एकच असेल तर पुन्हा अंदाज.

डायगोनल फिरवला की दिशा बदलल्या. डॉब्सोनियनसारख्या, फक्त वर-खाली आणि आडव्या फिरणाऱ्या बैठकीवर तासाभरात क्षेत्र आपोआप फिरतं, म्हणजे दिशा बदलल्या. स्टूल हलवून दुसऱ्या बाजूने डोळा लावला तरी बदलल्या. यातलं काहीही झालं की खुणा नव्याने तपासा. कमी वर्धनाचं एक आणि जास्त वर्धनाचं दुसरं अशी दोन वर्तुळं काढणार असाल तर दोन्हींवर स्वतंत्र खुणा. पहिल्यावर आहेत म्हणून दुसऱ्यावर नको, असं नाही.

इतका आग्रह का, तर धूमकेतूच्या बाबतीत दिशा हीच माहिती आहे. सोळाव्या शतकातला खगोलज्ञ आपियान याने १५३१ च्या धूमकेतूची शेपटी सूर्याच्या उलट बाजूला रोखलेली असते हे चित्रांतून दाखवलं, आणि तो धूमकेतू म्हणजे आपला हॅलेचा. आज आपल्याला ठाऊक आहे की आयनांची, म्हणजे वायूची, शेपटी सौरवाऱ्यामुळे (सूर्याकडून वाहणाऱ्या कणांच्या झोतामुळे) जवळपास सरळ सूर्याच्या विरुद्ध जाते आणि धुळीची शेपटी मागे रेंगाळत वाकते. कधी पृथ्वी धूमकेतूच्या कक्षेच्या प्रतलातून जाते तेव्हा धुळीचा एक बारीक काटा चक्क सूर्याच्या बाजूला दिसतो, ती प्रतिशेपटी. एप्रिल १९५७ मध्ये आरांद-रोलां धूमकेतूला तो दिसला, ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-ॲटलसलाही. असा काटा तुमच्या चित्रात आला आणि दिशा नसली, तर ती दुसरी शेपटी होती, प्रतिशेपटी होती की पेन्सिलीची चुकार रेघ, कोण सांगणार?

दिशेइतकीच वेळ महत्त्वाची. १९९६ च्या मार्चमध्ये हयाकुताके पृथ्वीजवळून गेला तेव्हा अर्ध्या तासात पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीइतका सरकत होता. सगळे धूमकेतू इतके धावत नाहीत, पण तासाभरात शेजारच्या ताऱ्यापासूनचं अंतर बदललेलं बऱ्याचदा कळतं. म्हणून धूमकेतूचं स्थान कागदावर टेकवलं त्या क्षणाची वेळ वेगळी लिहा, जागतिक वेळेत (यूटीसी).

काढायचा क्रम असा. आधी ठळक तारे, तेही कडेजवळचे, घड्याळातल्या तासांच्या जागा मनात धरून. मग त्यांच्यात त्रिकोण शोधत मधले. ठिपका टेकवून पेन्सिल जागच्या जागी फिरवा म्हणजे गोल येतो. तेजस्वी ताऱ्याला मोठा ठिपका, किरणं काढू नका. तारे बरोबर बसले याची खात्री झाल्यावरच धूमकेतूला हात लावा. कागदाच्या कोपऱ्यात फोरबीने गडद चौकोन रंगवा, स्टंपचं टोक त्यात घासा, पहिला गडदपणा दुसऱ्या कागदावर उतरवा, आणि मग अगदी हलक्या हाताने कोमाच्या (धूमकेतूच्या डोक्याभोवतीच्या धूसर गोळ्याच्या) मध्यापासून बाहेर गोल फिरवत जा. स्टंपवरची पूड संपत जाते तसा उजेडही आपोआप विरत जातो, कोमा तसाच तर दिसतो. कडेला रेघ येऊ द्यायची नाही. मधला दाटपणा नंतर, केंद्रकासारखा ठिपका दिसला तर सगळ्यात शेवटी. शेपटी तिरप्या नजरेने पाहा: नजर थोडी बाजूला ठेवली की फिकट भाग उमटतो. नळीला हलकी टिचकी मारली तर हलणारा फिकटपणा डोळ्याला पटकन सापडतो. दोनदा दिसलं तरच काढा. शंका असेल तर बाजूला ‘संशयित’ लिहा.

चांगल्या रेखाचित्राला आजही किंमत आहे. खगोलज्ञ बाँडने १८५८ मधल्या दोनातीच्या धूमकेतूची काढलेली चित्रं बघा, शीर्षाभोवतीची आवरणं रात्रीगणिक कशी बदलत गेली ते त्यात दिसतं. १८४५ मध्ये लॉर्ड रॉसने एम ५१ या दीर्घिकेची सर्पिल रचना डोळ्याने पाहून कागदावर उतरवली होती. दोघांचीही नजर आयपीसला लागलेली होती, फोटोवर नाही.

मोजमापं थोडक्यात. क्षेत्राचा व्यास काढायला तारा मध्यातून सरकू द्या. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लागलेली मिनिटं गुणिले १५, गुणिले त्या ताऱ्याच्या क्रांतीची (खगोलीय विषुववृत्तापासूनच्या कोनीय अंतराची) कोसाइन, उत्तर कलेत येतं, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागात. खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दोन मिनिटं घेत असेल तर क्षेत्र ३० कला, पौर्णिमेच्या चंद्राएवढं. त्यावरून कोमाचा व्यास आणि शेपटीची लांबी ठरवा. कोमाच्या दाटपणाला ० ते ९ असा अंक द्या: ० म्हणजे सगळा सपाट धूसर, ९ म्हणजे ताऱ्यासारखा ठिपका. तेजस्विता अंदाजायची असेल तर तारे फोकसबाहेर नेऊन कोमाशी तुलना. शेपटीचा स्थितिकोन, म्हणजे ती कुठे रोखलेली आहे तो कोन, उत्तरेकडून पूर्वेकडे मोजतात, आणि तो मोजायला कागदावर काय लागतं ते आता पुन्हा सांगत नाही. दोन्ही चौकोन भरले का?

धूमकेतू संधिप्रकाशात, क्षितिजाजवळ असेल तर हातात जेमतेम पाव तास. तेव्हा तारे तीन-चारच, कोमा, शेपटी, दिशा, वेळ. शेडिंग घरी आल्यावर, आठवण ताजी असताना.

आवरताना आधी कागद बघा, मग दुर्बीण बंद करा. चौकोन रिकामा असेल तर तारा अजून समोर आहे, एका मिनिटाचं काम आहे. झाकणं लावा, काचेवरचं दव पुसू नका, आपोआप सुकू द्या.

सकाळी स्कॅन, उलट रंग. डावं-उजवं फिरवायचं असेल तर प्रतीवर फिरवा आणि तसं त्यावर लिहा, मूळ कागदाला हात नको. स्वच्छ प्रत काढताना नवं काही घालू नका. स्टंपचं टोक सँडपेपरवर घासून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी फिकट कोमाच्या जागी काळा डाग उमटेल.