टीम स्ट्रॅटेजी गेममध्ये नवीन आहात? मॅच शोधताना या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे मॅचमेकिंगला (गेम स्वतःच तुमच्या तोडीचे खेळाडू शोधून देतो ते) घाबरून लॉबीत, म्हणजे खेळाडूंनी स्वतः उघडलेल्या रूममध्ये, शिरणं. रूमवर 'फक्त नवशिके' लिहिलेलं दिसलं की हायसं वाटतं, पण ते नाव कुणीही टाकू शकतं. एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये मी अशाच एका चार-चारच्या लॉबीत गेलो, माझी पहिली शेतं लागत होती तोवर समोरच्याचे स्काउट (हलके घोडेस्वार) लाकूड तोडणाऱ्या गावकऱ्यांना कापायला हजर, आणि वर टीममेटच्या शिव्या.

त्यापेक्षा रँक्ड, म्हणजे हार-जितीवर रेटिंग बदलणाऱ्या मॅचमेकिंगच्या मॅच, बरं, खरंच. एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये वन-व्ही-वनला (एकास एक) रेटिंग १००० पासून सुरू होतं आणि अगदी नवीन माणूस त्याच्या बराच खाली असतो, म्हणून सुरुवातीच्या मॅच हरतोच आणि बरेच जण नेमके तिथेच सोडून देतात. सोडू नका! एलोच्या (रेटिंग काढायच्या पद्धतीच्या) हिशोबात २०० पॉइंटचा फरक असला तर वरचा साधारण ७६ टक्के वेळा जिंकतो, म्हणजे रेटिंग खाली येऊन आपल्या जागी बसलं की मगच बरोबरीची माणसं मिळायला लागतात. डोटा २ मध्ये रँक्डआधी १०० तास खेळावं लागतं, लीग ऑफ लेजेंड्समध्ये लेव्हल ३० लागते, तिथे घाई नको, आधी बॉट्सबरोबर (कॉम्प्युटर चालवतो त्या खेळाडूंबरोबर) हात बसू दे.

दुसरं, नवीन आहोत हे लपवू नका. मॅच सुरू व्हायच्या आधीच चॅटमध्ये टाका, 'नवीन आहे, पॉकेट घेऊ का?' पॉकेट म्हणजे मधली जागा, कडेच्या फ्लँकवाल्यांवर हल्ला आधी येतो, तुम्हाला थोडा वेळ मिळतो. यावर कुणी रूममधून काढलं तर काढू दे, त्या माणसाबरोबर पाऊण तास काढण्यापेक्षा ते कधीही चांगलं.

खूप वरच्या रँकच्या मित्राबरोबर पार्टी करून रँक्डला जाऊ नका, समोर त्याच्या तोडीचे येतात आणि तुम्ही भरडले जाता. त्याच्याबरोबर खेळायचंच असेल तर कॉम्प्युटरविरुद्ध खेळा.

शिव्या देणाऱ्याला लगेच म्यूट करा, उत्तर देत बसू नका. आणि मॅच अर्ध्यात सोडू नका, तुमच्यामागे तिघं अडकतात.

एक गोष्ट मात्र जवळजवळ कुणीच करत नाही, मॅच संपल्यावर चांगलं वागलेल्याला फ्रेंड रिक्वेस्ट पाठवणं. मला एकाने चालू मॅचमध्ये 'भिंत घाल, मी येतोय' लिहिलं होतं आणि खरंच घोडे घेऊन आला, आज आमची चौघांची टीम आहे ती तिथूनच.