कुरणात पुन्हा गवत पेरायचं की नाही, हे कसं ठरवावं

एप्रिल-मेमध्ये उघडंबोडकं पडलेलं कुरण बघून ‘सगळं मेलंय, नांगरून टाका’ असं सांगणारे गावोगाव भेटतात. त्यांचं ऐकू नका. मारवेल, पवन्या, डोंगरी ही गवतं उन्हाळ्यात वरून वाळतात, बुडखा जिवंत असतो. सिन्नर-येवल्याच्या मुरमाड माळावर नांगर फिरला की तो बुडखा तर जातोच, वळवाच्या एका सरीत वरची बोटभर मातीही जाते. इगतपुरी-त्र्यंबकच्या उतारावर याहून वाईट.

मृगाचा चांगला पाऊस झाला की साधारण तीन आठवडे एकही जनावर आत सोडू नका. मग बघायला जा.

खरं अवघड काम इथून सुरू होतं. मलाही सगळ्यात उशिरा जमलं ते हेच. तीन आठवड्यांत माळ हिरवागार होतो आणि माणूस खूश होऊन परततो. पण त्या हिरव्यात यंदाच्या बियांतून उगवलेलं पावसाळी गवत असतं, तरोटा असतो, गाजर गवत असतं. दिवाळीपर्यंत त्यातलं काही उरत नाही. उभ्यानं बघून हे कळत नाही, खाली बसावं लागतं. रोप बुडाशी चिमटीत धरून ओढा. अलगद मुळासकट हातात आलं तर सोडून द्या. जागचं हललं नाही, बुडाशी गेल्या वर्षीची तपकिरी धसकटं आणि त्यांच्या बगलेतून पांढुरके फुटवे दिसले, तर तो जुना ठोंब. मोजायचा तो हाच.

चार काठ्यांची मीटरभर चौकट करा, न बघता फेका आणि आत मोजा. वीस-पंचवीस जागी तरी मोजा. बांधाकडेला आणि झाडाखाली मोजू नका, तिथलं गवत नेहमीच बरं असतं. कुसळीचे ठोंब वेगळे धरा. ती कोवळी असेतो जनावरं खातात, कुसळं आली की तोंडाला टोचतात. तरी कुसळी वाढली म्हणून कुरण मोडू नये. कुसळं धरण्याआधी कापत राहावं.

निम्म्याहून जास्त चौकटींत चांगल्या गवताचे दोन-तीन ठोंब मिळाले, तर बियाण्यावर एक रुपयाही घालू नका. पावसाळाभर कुरण राखा, गवत आपोआप भरतं. पाव भागातही मिळाले नाहीत, तर पेरणीला पर्याय नाही. मधली स्थिती असेल तर फक्त उघड्या जागी मारवेलचे मुळासकट ठोंब लावा.

पेरायचं ठरलं तरी आधी कुरण कशानं गेलं ते बघा. बारा महिने जनावरं त्यातच असतील आणि पुढेही राहणार असतील, तर नवं बीही तसंच जाईल. गायरान असेल तर चराईबंदी ग्रामसभेत ठरवून घ्या, एकट्यानं राखण होत नाही.

पेरणी पुढच्या जूनमध्ये. घाई नको, अंजन गवताचं ताजं बी नीट उगवतही नाही. उताराला आडव्या उथळ सऱ्या काढा, माती-शेणात बियांच्या गोळ्या करा, सेंटिमीटरभराहून खोल पुरू नका. सोबत स्टायलो हे द्विदल चारापीक टाका. पहिल्या वर्षी चराई नाही. बी झडल्यावर विळ्यानं कापून गोठ्यात घाला.