तिसाव्या पानावर अडकलेली पटकथा

दोन वर्षे माझी पटकथा ३०व्या पानावर अडकून पडली होती. रात्री लिहिलेला प्रसंग सकाळी वाचला की हे आपले काम नव्हे, असे वाटून मी फाईल बंद करीत असे.

अखेर मला आवडलेला एक मराठी चित्रपट मी थांबवत थांबवत पाहिला आणि प्रत्येक दृश्यात कोणाला काय हवे आहे व दृश्य संपताना काय बदलले आहे, एवढेच वहीत उतरवले. तेव्हा ध्यानात आले की माझ्या प्रसंगांत पात्रे भरपूर बोलत होती, पण त्यांना एकमेकांकडून काही नकोच होते. ‘मला जमत नाही’ या धूसर भीतीच्या जागी दुरुस्त करता येईल असा दोष हाती आला, आणि माझ्या मते सारा फरक तिथेच पडला.

मग एस.टी. स्थानकावरचा बापलेकाच्या निरोपाचा प्रसंग मी ताईला मोठ्याने वाचून दाखवला. चार पाने, म्हणजे पडद्यावर साधारण चार मिनिटे. “गाडी सुटताना एवढं कोण बोलतं रे?” असे तिने विचारले. मी वडिलांचे लांबलचक संवाद काढले. आता ते खिडकीतून डब्याची पिशवी आत देतात आणि मुलगा त्यांनी दिलेले पैसे पुन्हा त्यांच्याच खिशात कोंबतो. प्रसंग दीड पानात बसला.

त्यानंतर मागचे पान न वाचता रोज एकच दृश्य लिहिले आणि तीन महिन्यांत ९४ पानांचा पहिला मसुदा पूर्ण झाला. सध्या दुसरा चालू आहे. दर रविवारी ताई दहा पाने ऐकते.