सेंद्रिय द्रावकांमुळे जीवाणूंच्या पटलाला होणारी इजा ओएनपीजी चाचणीने कशी तपासावी

टोल्युइन किंवा क्लोरोफॉर्मने जीवाणू मरतात हे सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते, परंतु ते नेमके पटल निकामी झाल्यामुळे मरतात याचा पुरावा स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे हा वेगळाच अनुभव आहे. पदव्युत्तर प्रयोगशाळेत एका दिवसात होणारी आणि या विषयाचे मर्म उलगडून दाखवणारी चाचणी म्हणून मी ओएनपीजी चाचणीची शिफारस करतो. ओएनपीजी हे लॅक्टोजसारखे रंगहीन संयुग असून त्याचे विघटन झाले की पिवळा रंग येतो.

चाचणीसाठी ई. कोलायचा एमएल-३५ हा प्रकार घ्यावा. तो बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे लॅक्टोज तोडणारे विकर सतत तयार करतो, पण लॅक्टोज आत घेणारे वाहक प्रथिन त्याच्याकडे नसते. त्यामुळे बाहेर असलेले ओएनपीजी आतल्या पटलातून सहजासहजी शिरू शकत नाही. पटल सैल झाले की ते आत जाते, विकर त्याचे विघटन करते आणि नळी पिवळी होते. लॅक्टोजवर वाढवलेला नेहमीचा ई. कोलाय वापरल्यास वाहक प्रथिन ओएनपीजी आत ओढते, द्रावक न घातलेली नळीही पिवळी पडते आणि तुलनेला आधार उरत नाही.

द्रावक निवडताना त्याचा लॉग पी पाहावा. द्रावक पाण्यापेक्षा ऑक्टॅनॉलमध्ये किती पटीने अधिक विरघळतो, याचा तो लॉगरिदम असतो. इथेनॉलचा लॉग पी सुमारे उणे ०.३, टोल्युइनचा २.७, हेक्झेनचा ३.९ आणि डेकेनचा ५.६ आहे. द्रावकाचे रेणू फॉस्फोलिपिडांच्या मेदाम्ल शेपट्यांमध्ये घुसतात, पटल फुगते, त्याची घट्ट मांडणी ढिली होते. मग प्रोटॉन आणि पोटॅशियम आयन झिरपू लागतात, आणि ज्या प्रोटॉन प्रवणतेवर एटीपी तयार होते तीच ढासळते. इथेनॉल पटलात फारसे साठत नाही, म्हणून ते भरपूर लागते. डेकेनला पटल आवडते, पण ते पाण्यात इतके कमी विरघळते की पटलापर्यंत पुरेसे पोचतच नाही. टोल्युइन या दोहोंच्या मध्ये असल्यामुळेच घातक ठरते. इजा बाटलीतून किती ओतले यावर नव्हे, तर पटलात किती साठले यावर ठरते. टोल्युइन पाण्यात लिटरमागे जेमतेम अर्धा ग्रॅम विरघळते. म्हणजे १ मिलिलिटर द्रवात २० मायक्रोलिटर घातले तरी १ मायक्रोलिटरही विरघळत नाही, बाकीचे वर तरंगते.

जीवाणू ३७ अंश सेल्सिअसला हलवत वाढवावेत आणि ६०० नॅनोमीटरला प्रकाशीय घनता (द्रवाचा गढूळपणा) ०.५ च्या आसपास आली की सेंट्रिफ्यूज करून, पीएच ७ च्या फॉस्फेट बफरमध्ये धुऊन, त्याच बफरमध्ये तितक्याच घनतेला आणावेत. सर्व नळ्या काचेच्याच असाव्यात, कारण टोल्युइन आणि क्लोरोफॉर्म पॉलिस्टायरीन विरघळवतात. प्रत्येक नळीत १ मिलिलिटर द्रव घेऊन एकीत काहीही घालू नये, इतरांत इथेनॉल, टोल्युइन, हेक्झेन आणि डेकेन घालावे, आणि शेवटच्या नळीत क्लोरोफॉर्मचे दोन थेंब व ०.१ टक्का एसडीएस या डिटर्जंटचा एक थेंब घालावा. पटल पूर्ण उघडल्यावर किती रंग येतो हे ती नळी दाखवते. फ्यूम हूडमध्ये, जवळ ज्योत नसताना, बुचे घट्ट लावून नळ्या १० मिनिटे हलवाव्यात. नंतर मिलिलिटरला ४ मिलिग्रॅम या प्रमाणातले ओएनपीजी ०.२ मिलिलिटर घालून वेळ नोंदवावी. टोल्युइनच्या नळीत पिवळी झाक लवकरच दिसू लागते, तर डेकेनची नळी द्रावक नसलेल्या नळीच्या जवळपास राहते. रंग पुरेसा दिसताच १ मोलर सोडियम कार्बोनेट ०.५ मिलिलिटर घालून विकर थांबवावे, सेंट्रिफ्यूज करावे आणि ४२० नॅनोमीटरला वाचन घ्यावे. टोल्युइन वर तरंगते आणि क्लोरोफॉर्म तळाशी बसते, हे लक्षात ठेवून फक्त पाण्याचा थर उचलावा.

रंग कमी आला म्हणजे पटल शाबूत, असा निष्कर्ष घाईने काढू नये. द्रावकाने विकरालाच बाधा केलेली असू शकते. म्हणून आधी क्लोरोफॉर्मने उघडलेल्या पेशींत तोच द्रावक घालून रंग घटतो का, हे पाहिलेच पाहिजे. दुसरी गफलत घनतेबाबत होते. टोल्युइन दिलेल्या पेशी मरतात, पण फुटत नाहीत, म्हणून नळी पूर्वीइतकीच गढूळ दिसते. मृत्यू मोजायचा तर पेशी प्लेटवर पसरून वसाहती मोजाव्यात. पेशी फुटत नाहीत याची खात्री करायची असेल तर ओएनपीजी घालण्यापूर्वी टोल्युइनच्या पेशी सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव आणि तळाचा पेलेट वेगवेगळे तपासावेत. विकर बहुतांशी पेलेटमध्येच सापडते, कारण सुमारे ४,६५,००० डाल्टनचा हा रेणू आतच अडकतो आणि ३०१ डाल्टनचे ओएनपीजी मात्र आत शिरते.

काही जीवाणू ही इजा सोसतात. १९८९ साली जपानमधील इनोउए आणि होरिकोशी यांनी टोल्युइनचे प्रमाण ५० टक्क्यांहून अधिक असतानाही वाढणारा स्यूडोमोनास प्युटिडा नोंदवला. असे जीवाणू द्रावक पंपांनी बाहेर फेकतात आणि मेदाम्लांची मांडणी बदलून पटल घट्ट करतात. स्यूडोमोनास प्युटिडाकडे बीटा-गॅलॅक्टोसिडेज नसल्याने त्याच्यासाठी ओएनपीजी चाचणी उपयोगी नाही. बाहेर झिरपलेली न्यूक्लिक आम्ले २६० नॅनोमीटरला मोजावीत, आणि टोल्युइन स्वतःही त्याच सुमारास प्रकाश शोषत असल्याने शून्य वाचनासाठी टोल्युइनने संपृक्त केलेले बफरच वापरावे.