कपडे घेताना शिवणाऱ्या बाईचा आणि पाण्याचा विचार कसा करायचा

आधी आतलं लेबल बघा. नुसतं "इको" लिहिलंय म्हणून भुलू नका, जीओटीएस (सेंद्रिय कापडाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र) आहे का ते शोधा, कारण त्यात किमान ७० टक्के सेंद्रिय धागा लागतो, रंगाच्या केमिकलवर बंधनं असतात आणि कामगारांच्या अटीपण तपासतात. ओको-टेक्स स्टँडर्ड १०० हे लेबल वेगळं हां, ते तयार कपड्यात घातक केमिकल आहे का एवढंच बघतं, शिवणाऱ्या बाईच्या पगाराचं त्यात काही नसतं.

मग ब्रँडला सरळ मेल टाका: कुठल्या फॅक्टरीत शिवला, पगार थेट बाईच्या खात्यात जातो का, युनियन करता येते का, तक्रार ऐकणाऱ्यांत बायका आहेत का. मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. २०१३ मध्ये बांगलादेशात कपडे शिवायच्या फॅक्टऱ्या असलेली राणा प्लाझा ही बिल्डिंग कोसळून ११०० हून जास्त माणसं गेली, त्यात बायकाच जास्त, आदल्या दिवशी बिल्डिंगला तडे दिसले होते तरी त्यांना कामावर बोलावलं आणि नाही म्हणायची सोयच नव्हती त्यांना.

आणि घेतलेला कपडा भरपूर वापरा, एका कॉटन टीशर्टमागे साधारण २७०० लिटर पाणी जातं. पॉलिस्टर असेल तर गार पाण्यात, गरजेपुरतंच धुवा, प्रत्येक धुण्यात प्लॅस्टिकचे बारीक तंतू सुटतात.